इंटरनेट आहे, पण प्रिंटर सापडत नाही
तार व बिनतारी जोडणीतील दोष आणि त्यांचा शोध

केळना नदीच्या काठी वसलेले भोकरदन प्राचीन काळी भोगवर्धन या नावाने ओळखले जात असे. प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण आणि उज्जयिनी यांना जोडणाऱ्या व्यापारी मार्गावरील ते एक भरभराटीचे नगर होते. १९७३ साली येथे झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन नागरजीवनाचे विपुल अवशेष उजेडात आले. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आल्यापासून भोकरदन हे त्या जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. मराठवाड्यातील इतर तालुक्यांप्रमाणे या तालुक्यातही आता दळणवळणाच्या जुन्या मार्गांत आणखी एका मार्गाची भर पडली आहे. हा मार्ग काचेच्या बारीक तंतूंचा, म्हणजे ऑप्टिकल फायबरचा आहे.

देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती या मार्गाने जोडण्याच्या योजनेस केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली. पुढे ही योजना भारतनेट या नावाने परिचित झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या तिच्या सुधारित स्वरूपात तारांची रचना वलयाकार करण्यावर भर आहे. एका बाजूची तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने संदेश जावेत, हा त्यामागील हेतू होय. खाजगी सेवादात्यांच्या तारांही आता घरोघर पोचू लागल्या आहेत. गावापर्यंतच्या मार्गाचा अशा रीतीने विचार झाला असला, तरी घराच्या अथवा कार्यालयाच्या चार भिंतींच्या आतील जोडणीकडे मात्र क्वचितच कोणी लक्ष देतो. पुष्कळ वेळा काम अडते ते तेथेच.

प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या ग्रामपंचायत कार्यालयातील नेहमीचे दृश्य उदाहरणादाखल घेता येईल. संगणक तारेने राउटरला जोडलेला आहे. प्रिंटर दुसऱ्या खोलीत असून तो वायफायवर, म्हणजे बिनतारी पद्धतीने चालतो. संगणकावर संकेतस्थळे व्यवस्थित उघडतात. मोबाइलवर चित्रफितीही दिसतात. परंतु नमुना ८ चा उतारा छापण्याची आज्ञा दिली की प्रिंटर उपलब्ध नसल्याची सूचना पडद्यावर येते. उताऱ्यासाठी आलेल्या शेतमजुराला ‘नेट बंद आहे, उद्या या’ असे सांगितले जाते. वस्तुतः नेट बंद नसते. त्या मजुराचा मात्र एक दिवसाचा रोज बुडतो.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत देणे बंधनकारक आहे. जन्म, मृत्यू व विवाह नोंदणीचे दाखले आणि नमुना ८ चा उतारा या ग्रामपंचायतीच्या अशाच सेवा होत. विहित मुदतीत सेवा न मिळाल्यास अपिलाची तरतूदही या अधिनियमात आहे. तेव्हा कार्यालयातील दोन यंत्रांचा मेळ न बसणे ही केवळ तांत्रिक गैरसोय राहत नाही.

घरोघरीही हाच अनुभव येतो. शिक्षकाचा संगणक तारेने जोडलेला असतो आणि मोबाइल वायफायवर असतो. मोबाइलमधील धडा संगणकावर पाठविता येत नाही. शेतावरील किंवा दुकानातील कॅमेऱ्यांचे चित्रण साठविणारे यंत्र तारेवर असते आणि त्याच छपराखालील मोबाइलला ते सापडत नाही. या सर्व तक्रारींचे मूळ एकच आहे. घरातून बाहेर जाणारा मार्ग आणि घरातील उपकरणांचा आपापसातील मार्ग हे दोन वेगळे मार्ग आहेत. पहिला चालू असताना दुसरा बंद असू शकतो आणि बाहेरची तार तुटली असतानाही दुसरा उत्तम चालू शकतो. हा भेद ध्यानात आला म्हणजे दोष शोधण्याचे निम्मे काम झाले असे समजावे.

तार आणि बिनतारी : एकाच जाळ्याची दोन अंगे

संगणक तारेने जोडण्याची इथरनेट ही पद्धत १९७३ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात जन्मास आली आणि १९८३ मध्ये तिचे प्रमाणीकरण झाले. वायफायचे पहिले प्रमाण १९९७ साली प्रसिद्ध झाले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा लहरपट्टा अल्पशक्तीच्या बिनतारी वापरासाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला, तर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ मध्ये खुला करण्यात आला. घरात वायफाय लावण्यास वेगळा परवाना लागत नाही, तो यामुळेच.

या दोन्ही पद्धती परस्परांस पूरक अशाच आखलेल्या आहेत. तारेने आलेला संदेश बिनतारी उपकरणाकडे आणि तेथून उलट नेण्याचे काम राउटर करतो. म्हणून एका राउटरला जोडलेली उपकरणे, मग ती तारेने असोत वा वायफायने, एकमेकांस सापडणे हीच स्वाभाविक स्थिती होय. ती सापडत नसतील, तर मध्ये काहीतरी आडवे आले आहे असे निश्चित समजावे.

राउटर प्रत्येक उपकरणास एक क्रमांक देतो. यास आयपी पत्ता म्हणतात. ग्रामपंचायत ज्याप्रमाणे गावातील प्रत्येक मालमत्तेस क्रमांक देते, त्यासारखीच ही व्यवस्था आहे. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.५ या पत्त्यातील पहिले तीन भाग वस्ती दर्शवितात, तर शेवटचा भाग घराचा क्रमांक असतो. घर क्रमांक २५ जसा अनेक गावांत असतो, तसे हे पत्तेही जगातील लाखो घरांत पुन्हा पुन्हा वापरले जातात. कारण ते केवळ घरापुरते असतात. घरगुती जाळ्यात सामान्यतः पहिले तीन भाग समान असलेलीच उपकरणे एकमेकांची शेजारी असतात. एवढे ज्ञान पुढील तपासणीस पुरेसे आहे.

मेळ बिघडण्याची प्रमुख कारणे

पहिले कारण म्हणजे घरात दोन राउटर असणे. सेवादाता फायबरचा जो डबा बसवितो व ज्यास बोलीत मोडेम म्हटले जाते, त्यातच बहुधा राउटर आणि वायफाय यांची सोय असते. मागील खोलीत वायफाय पोचत नाही म्हणून बाजारातून दुसरा राउटर आणला जातो आणि त्याच्या वॅन नावाच्या छिद्रात तार खोचली जाते. असे केल्याने त्या राउटरमागे एक स्वतंत्र वस्ती निर्माण होते. पहिल्या डब्याखालील संगणकाचा पत्ता १९२.१६८.१ ने, तर दुसऱ्या राउटरखालील प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.० ने सुरू होतो. वाड्याच्या आत दुसरा वाडा बांधून त्याला आतून कडी लावावी, तशी ही स्थिती होते. आतल्या वाड्यातील माणसे बाहेर जाऊ शकतात, म्हणून दोन्हीकडे इंटरनेट चालते. बाहेरच्या वाड्यातील संगणकास मात्र आतला प्रिंटर दिसत नाही.

यावर उपाय सोपा आहे. दुसऱ्या राउटरच्या मांडणीत ‘ॲक्सेस पॉइंट’ हा प्रकार निवडावा. म्हणजे तो स्वतंत्र वस्ती न वसविता पहिल्याच जाळ्याचे वायफाय पुढे नेतो. तशी सोय नसल्यास त्याला पहिल्याच वस्तीतील, परंतु अन्य कोणाकडे नसलेला पत्ता द्यावा. त्याचे पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करावे आणि पहिल्या डब्याकडून येणारी तार वॅनऐवजी लॅनच्या छिद्रात लावावी.

दुसरे कारण म्हणजे पाहुण्यांचे वायफाय. अनेक राउटरांत ‘गेस्ट’ नावाने वेगळे जाळे चालू करता येते. त्यावरील उपकरणास इंटरनेट मिळते. परंतु घरातील इतर उपकरणांकडे त्याला जाऊ दिले जात नाही. सुरक्षिततेसाठी ही सोय उपयुक्त आहे. चूक होते ती प्रिंटर किंवा कामाचा मोबाइल त्या जाळ्यावर जोडला गेल्यामुळे. काही राउटरांत मुख्य वायफायवरही उपकरणांना परस्परांपासून अलग ठेवणारी ‘आयसोलेशन’ नावाची कळ असते. ती चालू आहे काय, हे पाहावे.

तिसरे कारण संगणकाचा स्वतःचा पहारेकरी, म्हणजे फायरवॉल होय. विंडोज प्रणालीचा संगणक नव्या जाळ्यास जोडताना ते सार्वजनिक मानावयाचे की खाजगी, हे ठरविले जाते. सार्वजनिक मानल्यास संगणक शेजारच्या उपकरणांपासून स्वतःला लपवितो. बसस्थानकावर हे योग्य आहे. घरात मात्र त्यामुळे इतरांना त्यातील सामायिक धारिका किंवा त्याला जोडलेला प्रिंटर दिसत नाही. विश्वासाच्या जाळ्यास ‘प्रायव्हेट’ हा पर्याय द्यावा. फायरवॉल कायमची बंद करणे हा उपाय नव्हे.

चौथे कारण म्हणजे बदलणारे पत्ते. वीज गेली आणि परत आली की सर्व यंत्रे एकाच वेळी सुरू होतात व राउटर पुन्हा पत्ते वाटतो. काल ज्या पत्त्यावर प्रिंटर होता, तेथे आज एखादा मोबाइल असू शकतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवीत राहतो. ज्या भागात वीज वारंवार खंडित होते, तेथे ‘काल चालत होता, आज चालत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते. प्रिंटर व कॅमेऱ्यांचे यंत्र यांचे पत्ते राउटरमध्ये कायमचे राखून ठेवावेत. राउटरास लहान बॅटरीचा आधार दिल्यास हा प्रसंग कमी वेळा येतो.

पाचवे कारण लहरींचे आहे. स्वस्त प्रिंटर व कॅमेरे पुष्कळदा केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. ५ गिगाहर्ट्झचे वायफाय त्यांना दिसतच नाही. एकाच राउटरचे हे दोन्ही पट्टे सामान्यतः एकाच जाळ्याचे भाग असतात. म्हणून संगणक तारेवर, मोबाइल ५ वर आणि प्रिंटर २.४ वर असला तरी चालते. प्रिंटर प्रथम जोडताना मात्र मोबाइलही २.४ वर घ्यावा लागतो. तसेच जाड मातीच्या भिंतींची माळवदाची घरे, दगडी भिंती आणि पत्र्याचे आडोसे यांतून लहरी क्षीण होतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान असल्या तरी भिंती ओलांडण्यात २.४ च्या मागे पडतात. अशा घरात राउटर लोखंडी कपाटावर किंवा कोपऱ्यात न ठेवता मध्यभागी व उंचावर ठेवणे हिताचे असते.

सहावे कारण अगदी साधे, म्हणजे स्वतः तार हे आहे. तिच्या टोकाची प्लॅस्टिकची खिटी मोडलेली असते, उंदरांनी आवरण कुरतडलेले असते किंवा खुर्चीचा पाय तिच्यावर पडतो. या तारेत आठ बारीक तारा असतात व तांब्याच्या अशा तारेची लांबी १०० मीटरपेक्षा अधिक असू नये असा दंडक आहे. एकाच स्विचच्या दोन छिद्रांत एकाच तारेची दोन टोके चुकून खोचली गेल्यास संदेश गोल फिरत राहून संपूर्ण जाळे ठप्प होऊ शकते. झाडलोट करताना मोकळे टोक दिसले म्हणून ते कोणीतरी कोठेही खोचते आणि नंतर कारण सापडत नाही, असे घडते.

शोध कोणत्या क्रमाने घ्यावा

दोष दिसताच सर्व तारा उपसणे, सर्व यंत्रे बंद-चालू करणे आणि परवलीचे शब्द बदलणे ही सर्वसाधारण प्रवृत्ती आहे. त्यामुळे एक दोष जाऊन दुसरे दोन उत्पन्न होतात. त्याऐवजी पुढील क्रम पाळावा.

१. प्रथम दिवे पाहावेत. फायबरच्या डब्यावर एलओएस हा तांबडा दिवा लागला असेल, तर बाहेरील तारेतून प्रकाश येत नाही. ही बाब सेवादात्याकडे कळवावी. संगणकाची तार जेथे खोचली आहे, तेथील लहान दिवा लागत नसेल, तर तार किंवा छिद्र सदोष आहे.

२. मोबाइलचा मोबाइल-डेटा बंद करावा. अनेक मोबाइल वायफाय क्षीण होताच गुपचूप डेटावर जातात आणि वायफाय चालू असल्याचा भास निर्माण करतात.

३. दोन्ही उपकरणांचे आयपी पत्ते कागदावर लिहावेत. संगणक व मोबाइल यांत ते नेटवर्कच्या मांडणीत आढळतात. प्रिंटरचा पत्ता त्याच्या पडद्यावर दिसतो किंवा त्यातून छापील पान काढून मिळतो.

४. पत्त्यांचे पहिले तीन भाग ताडून पाहावेत. ते भिन्न असल्यास दोन राउटर किंवा पाहुण्यांचे जाळे हे कारण असण्याचा संभव फार मोठा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असल्यास त्या उपकरणास राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. तार, वायफायची जोडणी किंवा राउटर तपासावा.

५. पत्ते एकाच वस्तीतील असल्यास संगणकावरून ‘पिंग’ या आज्ञेने प्रथम राउटरला आणि मग प्रिंटरला हाक द्यावी. राउटरही उत्तर देत नसेल, तर दोष संगणक व राउटर यांच्यामध्ये आहे. राउटर उत्तर देतो, पण प्रिंटर देत नाही, अशा वेळी प्रिंटरचे वायफाय अथवा आयसोलेशनची कळ पाहावी. प्रिंटर उत्तर देऊनही छपाई होत नसेल, तर जाळे निर्दोष असून संगणकातील प्रिंटरची नोंद जुन्या पत्त्यावर आहे, असे समजावे. विंडोज संगणक फायरवॉलमुळे हाकेस उत्तर देत नाही, असेही होते. म्हणून हाक संगणकाकडून प्रिंटरकडे द्यावी.

६. संशय उरल्यास जोडणीचा प्रकार बदलून पाहावा. लॅपटॉप तारेवरून काढून त्याच वायफायवर घ्यावा. तसे करताच प्रिंटर सापडला, तर दोष तार व बिनतारी यांच्या सांध्यात आहे हे सिद्ध होते.

७. एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा व तो लिहून ठेवावा.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. राउटर बंद करून पुन्हा चालू करणे आणि त्याच्या मागील बारीक छिद्रात टाचणी घालून तो ‘रीसेट’ करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या कृतीने काही नष्ट होत नाही. दुसऱ्या कृतीने मात्र सेवादात्याने भरलेली ओळख व परवलीचा शब्द यांसह सर्व मांडणी पुसली जाऊ शकते. मग आतील जोडणी शोधता शोधता बाहेरचा मार्गही बंद पडतो आणि सेवादात्याचा माणूस येईपर्यंत कार्यालय अडून राहते.

सोय आणि सुरक्षितता

उपकरणे सापडत नाहीत म्हणून वायफायचा परवलीचा शब्द काढून टाकणे किंवा फायरवॉल बंद ठेवणे हे दाराची कडी निघत नाही म्हणून दारच काढून ठेवण्यासारखे आहे. ग्रामपंचायतीच्या संगणकात नागरिकांच्या नोंदी असतात, शाळेच्या संगणकात विद्यार्थ्यांची माहिती असते. म्हणून वायफायसाठी डब्ल्यूपीए-२ किंवा शक्य असल्यास डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षा ठेवावी. राउटरच्या मांडणीत शिरण्याचा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द बदलावा. कार्यालयात येणाऱ्या नागरिकांना वायफाय द्यावयाचे असल्यास ते पाहुण्यांच्या जाळ्यावरूनच द्यावे. ज्या अलगपणामुळे चुकून प्रिंटर हरवतो, तोच येथे संरक्षणाचे काम करतो.

नोंदवहीतील एक पान

यंत्रे घेताना देयक जपून ठेवले जाते, साठा नोंदवहीत नोंद होते. परंतु ती यंत्रे एकमेकांस कशी जोडली आहेत, याची नोंद बहुधा कोणाच्याही दप्तरी नसते. ती माहिती एखाद्या केंद्रचालकाच्या किंवा जाणत्या शिक्षकाच्या डोक्यात असते आणि त्याची बदली झाली की त्याच्याबरोबर निघून जाते. यासाठी प्रत्येक ग्रामपंचायतीने व शाळेने एक पान तयार करावे. त्यावर फायबरचा डबा, राउटर, संगणक, प्रिंटर व कॅमेऱ्यांचे यंत्र यांचे साधे रेखाचित्र असावे. कोणते उपकरण तारेवर आहे, कोणते वायफायवर, कोणास कोणता पत्ता राखून ठेवला आहे आणि शेवटचा बदल कोणत्या तारखेस झाला, हे त्यात लिहावे. सेवादात्याचा ग्राहक क्रमांकही तेथेच असावा. परवलीचे शब्द मात्र या पानावर न लिहिता स्वतंत्र लिफाफ्यात कुलूपबंद ठेवावेत. पदभार सोपविताना हे पान व लिफाफा दप्तराबरोबर द्यावा.

शाळांच्या दृष्टीने या विषयाचे आणखी एक मोल आहे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून शाळेच्या जाळ्याचे रेखाचित्र काढवून घेतल्यास आणि पत्ते ताडून पाहण्यास त्यांना शिकविल्यास कोणतीही यंत्रसामग्री विकत न घेता एक उत्तम प्रात्यक्षिक पार पडते. निरीक्षण करणे, एक एक शक्यता वगळीत जाणे आणि नोंद ठेवणे या विज्ञानाच्या सवयी त्यातून अंगी बाणतात. असे विद्यार्थी आपल्या घरातील व शेजारच्या दुकानातील दोषही शोधू शकतील.

गावापर्यंत आलेली तार ही सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली संपत्ती आहे. तिचा लाभ नागरिकाच्या हाती पडतो तो छापलेल्या दाखल्याच्या, उघडलेल्या धड्याच्या रूपाने. त्यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. कागद, पेन्सिल, वरील सात पायऱ्यांचा क्रम आणि थोडा धीर एवढ्या सामग्रीवर कार्यालयातील बहुतेक अडथळे तेथल्या तेथे दूर करता येतात. पंचायत सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांनी हे काम आपले मानले, तर ‘उद्या या’ असे सांगण्याची वेळ पुष्कळ कमी येईल.